बी-४०३ च्या दारावरची चिठ्ठी

माने वहिनी (बी-४०३), रात्री १०:४८
माझ्या दारावर चिठ्ठी कोणी चिकटवली? नावाच्या पाटीखाली मोठ्या अक्षरांत, "धनंजय माने इथेच राहतात का?" आत्ता परत बेल वाजवून कोणीतरी पळालं. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सहा दिवस झालेत. बेल ऐकून अंधारात उठल्या, गुडघा टीपॉयवर आपटला. बर्फ लावून बसलोय.

बी-३०१
अरेरे 🙏 पण वहिनी, राहतात की नाही ते तरी सांगा 😂😂

माने वहिनी (बी-४०३)
नाही राहत. आमच्या घरात धनंजय नावाचं कोणी नाही. चार वर्षं हेच सांगतेय. पार्सलवाला विचारतो, गॅसवाला विचारतो. पहिल्यांदा मीही हसले होते. पिक्चर मलाही आवडतो.

जोशी काका (ए-१०२)
‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीस यांचे आहेत. नोंद असावी.

सेक्रेटरी
सी-५०१ मधल्या बॅचलर मुलांना मागेच तोंडी समज दिली होती. उद्या लेखी देतो.

सी-५०१
काका, आम्ही तिघंही आज सेकंड शिफ्टला आहोत, अजून कंपनीत आहोत. गेटवरचं रजिस्टर बघा आणि मग लिहा.

बी-३०१
सगळ्यांनी जरा हलकं घ्या हो. आणि खजिनदार साहेब, विषय निघालाच आहे तर गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे कुठे आहेत? की सत्तर रुपये वारले? 😂

खजिनदार
तुम्ही हसण्यावारी नेता, पण वाचणाऱ्याला वाटतं मी पैसे खाल्ले. शिल्लक २,३४० रुपये, पासबुकाचा फोटो दोनदा टाकलाय. वर्गणी मागायला जिने मी चढलो. तेव्हा तुमचं दार तीन वेळा बंद होतं.

बी-३०१
पिक्चरमधला डायलॉग आहे तो. मनावर कशाला घेता?

खजिनदार
पिक्चरमध्ये ते औषधाच्या पैशांबद्दल आहे. इथे माझ्याबद्दल आहे.

जोशी काका (ए-१०२)
संवाद: वसंत सबनीस.

बी-३०१
काका, वाचलं.

बी-२०४ ताई
मला एक मनापासून लिहायचंय. ते वाक्य नुसतं पत्ता विचारायचं आहे, त्यात एकही विनोदी शब्द नाही. म्हणूनच ते कुठेही चालतं. दार दिसलं, माने नाव दिसलं, की तोंडात येतं. १९८८ चा पिक्चर. टीव्हीवर लागला की आम्ही भावंडं जेवणाची ताटं घेऊन समोर बसायचो आणि नटांच्या आधी बोलायचो. आजही साडीच्या दुकानात कोणी "लिंबू कलर" म्हटलं तर काउंटरवरचा माणूसही हसतो, आणि क्षणभर तो आपल्या घरातला वाटतो. माझ्या लेकीने तर पिक्चर पाहायच्या आधी हे वाक्य टी-शर्टवर वाचलं. त्याला आता प्रसंगाची गरजच उरली नाही. पण ते विचारणाऱ्याला एकदाच विचारायचं असतं, वहिनींना रोज ऐकायचं असतं. हे मलाही आज कळलं. मीसुद्धा लिफ्टमध्ये दोनदा म्हटलंय. सॉरी वहिनी.

माने वहिनी (बी-४०३)
तीनदा. पण थँक्यू.

सी-५०१
मलाही बोलायचंय. त्या पिक्चरमध्ये घरमालक सरपोतदार धनंजय आणि त्याच्यासोबतच्या मुलांना घराबाहेर काढतात. मग लीलाबाई काळभोर फक्त नवरा-बायकोलाच जागा देणार म्हणून त्यातल्या दोघांना साडी नेसावी लागते. सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. त्याच पिक्चरवर हसणाऱ्या सोसायटीने येत्या सभेसाठी "बॅचलरना फ्लॅट देऊ नये" असा ठराव लावलाय. हा फ्लॅट मिळायच्या आधी आम्ही अकरा घरं पाहिली.

सेक्रेटरी
ठरावाचा इथे संबंध नाही. विषयाला धरून लिहा.

सी-५०१
विषयात आम्हाला तुम्हीच आणलंत.

जोशी काका (ए-१०२)
कोणी वाचत नाही म्हणून तिसऱ्यांदा लिहितो. वाक्य गाजलं की ते नटांच्या नावावर जातं. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी थोरच, त्यांनी त्या वाक्यांत जीव ओतला. दिग्दर्शक सचिन पिळगावकरही सगळ्यांना माहीत. पण कागदावर ते वाक्य कोणीतरी आधी लिहिलं होतं. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्यही सबनीसांचंच. मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. लिहिणाऱ्याचं नाव पुसलं गेलेलं मला बघवत नाही.

बी-२०४ ताई
काका, मला खरंच माहीत नव्हतं. लेकीला सांगते.

ए-३०२
माफ करा, आत्ता चौकशी केली. चिठ्ठी आमच्याकडचीच. गणपतीत मुलांच्या नाटुकल्यासाठी छापली होती, नातवाने ती नेऊन लावली. बेलही त्यानेच वाजवली. तो रडतोय. सकाळी घेऊन येते, सासूबाईंच्या पाया पडेल.

माने वहिनी (बी-४०३)
पाया नको पडायला. डिंक पाटीवरून निघत नाहीये, तेवढा काढून द्या. आणि त्याला मारू नका.

सेक्रेटरी
ठीक आहे. विषय संपला. गैरसमज झाला.

सी-५०१
कोणाचा गैरसमज, काका?

खजिनदार
बरोबर विचारलं त्याने. नाव घेऊन आरोप केला होतात, नाव घेऊनच सॉरी म्हणा.

सेक्रेटरी
सी-५०१, सॉरी. लेखी समज देणार नाही.

सी-५०१
ठीक. ठरावाबद्दल सभेत बोलू. माने काकू, पोचायला साडेबारा होतील. आमच्याकडे क्रिकेटवाला दुखण्याचा स्प्रे आहे, आजींसाठी आणू का?

माने वहिनी (बी-४०३)
आणा. जाग्याच आहोत. बेल वाजवू नका, दार उघडं ठेवते.