बॉल पायथनचे पिल्लू हाताकडे झेपावते. माझे काय चुकत असावे?

नवशिका_मुलुंड

नमस्कार. माझ्याकडे बॉल पायथन या बिनविषारी आफ्रिकी सापाचे चार महिन्यांचे पिल्लू आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मित्राने ते नोंदणीच्या कागदपत्रांसह माझ्याकडे सोपवले असून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर हा बदल नोंदवलेला आहे. लांबी सुमारे दीड फूट आहे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन १४० ग्रॅम भरले. (त्या काट्यावर आई आता साखर मोजत नाही.)

पहिले दोन आठवडे ते शांत होते, म्हणून मी रोज रात्री त्याला अर्धा तास हातात घेत असे. गेल्या बुधवारी मात्र त्याने उंदीर नाकारला. मी तो उंदीर कचऱ्यात टाकला आणि निदान थोडा वेळ खेळवावे म्हणून पेटीचे झाकण काढून हात घातला, तोच त्याने मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडून हाताच्या दिशेने झेप घेतली. दात लागले नाहीत. पण मी इतका दचकलो की झाकण हातातून पडले आणि ते पिल्लू लपणात जाऊन घट्ट वेटोळे घालून बसले. तेव्हापासून माझी हात घालण्याची हिंमत होत नाही. आणखी एक शंका आहे. त्याचे डोळे चार-पाच दिवसांपासून निळसर, धुरकट दिसत आहेत. हा एखादा आजार तर नसेल? ऑक्टोबरच्या उकाड्यामुळे खोलीत रात्रभर एसी चालू असतो.

जुनी_कात

आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. डोळे धुरकट होणे हा आजार नव्हे. साप कात टाकण्याच्या तयारीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघून जातो. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठला की तो खवला दुधाळ दिसू लागतो. या दिवसांत सापाला अंधुक दिसते, त्वचा हुळहुळी होते आणि बहुतेक वेळा खाण्यावरची वासनाही उडते. म्हणजे बुधवारी आपण जवळजवळ आंधळ्या झालेल्या प्राण्याच्या डोक्यावर, वरून, उंदराचा वास असलेला हात नेलात. त्याने झेप घेतली नसती तरच मला नवल वाटले असते.

वरून येणारा हात हा मुद्दा तर वेगळ्याने सांगायला हवा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हा साप दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत काढतो. वरून झडप घालणारे पक्षी हे त्याचे शत्रू. म्हणून हात नेहमी बाजूने, त्याला दिसेल अशा पातळीवरून आणि सावकाश न्यावा, पण एकदा नेला की चाचरू नये. पुढे-मागे होणारी बोटे त्याला भक्ष्यासारखी वाटतात. मी आधी कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाला मधोमध हलकेच स्पर्श करतो. हा स्पर्श दर वेळी तसाच झाला की काही आठवड्यांत त्याला कळू लागते की आता खाणे मिळणार नसून बाहेर काढले जाणार आहे. त्यानंतर एक हात अंगाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शाखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली सरकवून उचलावे. मान पकडू नये, शेपटीला धरून लोंबकळत ठेवू नये. शरीराला खालून आधार मिळाला की साप स्वतःच बोटांभोवती सैलसर विळखा घालतो, आणि तो सैलपणा तळहाताला जाणवतो. विळखा एकाएकी आवळला गेला किंवा जीभ आत-बाहेर होणे थांबले, तर त्याला परत पेटीत ठेवण्याची वेळ झाली असे समजावे.

आता कात पूर्ण निघेपर्यंत त्याला अजिबात हात लावू नका. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की साधारण दोन ते चार दिवसांत कात निघते. खाल्ल्यावरही किमान ४८ तास उचलू नये, कारण घाबरलेला साप गिळलेले बाहेर टाकतो आणि त्यातून सावरायला त्याला बराच काळ लागतो. आपला अर्धा तास पिल्लासाठी फार होता. दिवसाआड पाच ते दहा मिनिटे पुरेत.

एसीमुळे हवा कोरडी पडते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते. लपणात ओलसर शेवाळ ठेवून पेटीतली आर्द्रता तूर्त ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. पावसाळ्यात मात्र मुंबईत उलटी अडचण होते; तेव्हा पेटीच्या तळाशी अंथरलेला कागद वारंवार बदलावा लागतो, नाहीतर पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात.

तिसरा_मजला

वरील सर्व मान्य, पण हात धुण्याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. हात साबणाने दोनदा धुवावेत. आधी धुवायचे ते उंदराचा वास जावा म्हणून आणि नंतर धुवायचे ते साल्मोनेलासाठी, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही तो जिवाणू असू शकतो. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर त्याच्या हातात साप देऊ नये आणि पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नये. उंदीर नेहमी लांब चिमट्यानेच द्यावा.

भीतीपोटी मी सुरुवातीला बागकामाचे जाड हातमोजे घातले होते. ती चूक होती, कारण सापाचा दाब कळेनासा झाला आणि माझ्या हातून तो जास्तच आवळला गेला. पिल्लाच्या चाव्याने टाचणी टोचल्यासारखे होते, रक्ताचे चार-दोन थेंब येतात, विष नसते. मात्र त्याने धरून ठेवले तर हात हिसकावू नये. दात मागे वळलेले असल्याने हिसक्यात जखम आपली वाढते आणि दात त्याचे तुटतात. थांबावे, फारच वेळ लागला तर तोंडाजवळ थंड पाण्याची धार सोडावी, नंतर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पाहावी.

आमच्या छोट्या फ्लॅटमधला अनुभव म्हणजे, पंखा बंद, दार बंद, न्हाणीघराच्या जाळीवर फडके आणि आपण जमिनीवर चटईवर बसलेले, एवढे झाल्याशिवाय पेटी उघडू नये. माझा साप एकदा फोनच्या नादात निसटला आणि दोन दिवसांनी फ्रिजच्या मागे, उबदार कॉम्प्रेसरला चिकटून बसलेला सापडला. त्या दोन दिवसांत कामवाल्या मावशी आल्या नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

सर्पमित्र_बोरिवली

आपण मुलुंडचे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या पाठीशी आहे, म्हणून थोडे आडवळणाने लिहितो. घरच्या सापाबरोबर भीड चेपली की माणसाला सोसायटीच्या आवारात निघालेला सापही ओळखीचा वाटू लागतो. घोणशीचे पिल्लू ‘अजगराचे पिल्लू आहे’ म्हणून उचलण्याची चूक लोक खरोखर करतात. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या असतात, तर अजगराचे डाग वेडेवाकडे आणि मोठे असतात. पण बॅटरीच्या उजेडात हा फरक पाहण्याच्या फंदात पडूच नये. घोणस पिल्ले जन्माला घालते आणि ती पहिल्या दिवसापासून विषारी असतात. बाहेर साप दिसला तर अंतर राखून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा झालाच तर बांधाबांध किंवा चिरा न देता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जावे.

कागदपत्रे आहेत हे बरे झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे नाग, अजगर, धामण, मांडूळ घरात ठेवता येत नाहीत, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींसाठी २०२४ च्या नियमांनी नोंदणी आवश्यक केली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवून बँकॉकहून आणलेले साप पकडले गेले, त्यांत बॉल पायथनही होते. तशा वाटेने आलेले पिल्लू उपाशी, कोरडे पडलेले आणि आधीच बिथरलेले असते. ते हाताळणीला दाद देत नाही याचे खापर नंतर घेणाऱ्याच्या हातावर फुटते.

नवशिका_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी डोळे स्वच्छ झाले आणि सोमवारी रात्री कात निघाली. ती दोन तुकड्यांत निघाली, बहुधा एसीच्या कृपेने. शेपटीच्या टोकाला अंगठीएवढे कडे राहिले होते, ते ओल्या रुमालातून त्याला सरकू दिल्यावर सुटले. डोळ्यांवरचे खवले कातीत दिसले. गुरुवारी त्याने उंदीर खाल्ला, म्हणून रविवारपर्यंत थांबलो. हात धुतले, गुंडाळीने स्पर्श केला आणि बाजूने उचलले. सुरुवातीला माझाच हात कापत होता. दोन मिनिटांनी त्याची जीभ मनगटावर फिरू लागली आणि मग ते माझ्या पूर्ण बाहीच्या सदऱ्यात शिरले. ते आत्ता कोपराच्या वर आहे आणि मी एका हाताने हे टंकत आहे. बाहेर कसे काढावे?

जुनी_कात

बाहीचे बटण आणि सदऱ्याची वरची बटणे सोडून चटईवर बसून राहा. शेपटी धरून ओढू नका. ओढलेला साप खवले रोवून आणखी आत जातो. हात किंचित खाली कलता ठेवा, आणि फोन बाजूला ठेवा.