३क्ष + २ चे ५क्ष होतातच! मुलीला कसं समजावू?

सातवीची_आई:
मुलीचं अंकगणित चोख आहे. पाढे, अपूर्णांक, कशालाच अडत नाही. पण 'सरळरूप द्या' म्हटलं की गाडी घसरते. कालचं गणित होतं ७ − २(३क्ष − ४). तिने आधी ७ मधून २ काढले, ५(३क्ष − ४) लिहिलं, मग १५क्ष − २०, आणि शेवटी −५क्ष ठोकून मोकळी. 'फक्त सजातीय पदांचीच बेरीज-वजाबाकी होते', म्हणजे क्ष ची क्ष शी आणि नुसत्या संख्येची संख्येशी, हे ती झोपेतही म्हणून दाखवेल. मग हातून असं का होतं?

पेन_वही:
सोपं आहे. क्ष म्हणजे पेन, य म्हणजे वही. तीन पेनं आणि दोन वह्या मिळून पाच पेनं होतात का? संपलं.

खडूफळा:
पेन_वही, रागावू नका, पण आम्ही मास्तरांनीच हे फार वापरून ठेवलंय आणि पुढच्या वर्गात तेच निस्तरत बसतो. उद्या क्ष × य आलं की पेन गुणिले वही म्हणजे काय सांगणार? क्ष ही वस्तू नाही, संख्या आहे. ३क्ष म्हणजे त्या संख्येची तिप्पट.

ताई, तुमच्या मुलीच्या एका गणितात दोन वेगळी दुखणी आहेत. ७ − २ आधी करणं हे पहिलं. तिला ७ − २ × ३ करायला द्या, अंकगणित चोख आहे म्हणता तर १ असं बरोबर उत्तर येईल. कंसाला चिकटलेला २ हाही गुणाकारच आहे, फक्त × लिहिलेलं नाही, एवढंच तिला दिसत नाहीये.

दुसरं दुखणं जुनं आहे. पहिलीपासून '=' नंतर एकच संख्या लिहायची सवय. त्यामुळे मधे + किंवा − उरलं की मुलांना गणित अर्धवट वाटतं आणि ती ते 'पूर्ण' करतात. १५क्ष − २० वर थांबायचं असतं हे कुणी मुद्दाम सांगत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'बीजगणिता'त मात्र ते स्पष्ट आहे: एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करा, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडा. वेगळं मांडणं हेच तिथे उत्तर.

नियम पुन्हा घोकून घेऊ नका. क्ष = १० घालायला लावा. मूळ राशी: ७ − २ × २६ = −४५. तिचं उत्तर −५क्ष म्हणजे −५०. जुळत नाही. बरोबर उत्तर १५ − ६क्ष, म्हणजे १५ − ६० = −४५. तुम्ही 'चूक' म्हणायचंच नाही, तिचं तिलाच दिसू द्या.

सातवीची_आई:
सर, करून पाहिलं आणि नवीच पंचाईत! १० ऐवजी तिने क्ष = १ घेतलं. ३क्ष + २ चे आले ५, ५क्ष चेही ५. आता विजयी मुद्रेने घरभर फिरतेय.

खडूफळा:
वा! तिला शाबासकी द्या, आणि लगेच क्ष = १० घालायला सांगा. ३२ आणि ५०. एका ठिकाणी जुळणं म्हणजे सारखं असणं नव्हे. एका ठिकाणी न जुळणं मात्र पुरेसं, तिथे निकाल लागला.

पडताळ्याला ०, १, २ घेऊच नये, फसवे आहेत. क्ष² आणि २क्ष बघा: ० ला दोन्ही ०, २ ला दोन्ही ४. तीन घातला की ९ आणि ६, बिंग फुटलं. राशीत एकच चल असेल आणि त्याचा वर्ग वगैरे नसेल, तर दोन वेगवेगळ्या किमतींना जुळलं की खात्री. वर्ग असेल तर तीन किमती.

नववीचा_बाप:
आमच्याकडे वेगळंच. कंसाबाहेर नुसतं वजा असलं की चिरंजीव पहिल्याच पदाचं चिन्ह बदलतात. ५ − (क्ष − ३) चं ५ − क्ष − ३, म्हणजे २ − क्ष. नववीत गेला तरी!

खडूफळा:
नुसतं वजा नसतंच, तिथे १ लपलेला असतो. महिनाभर तरी तो लिहायला लावा: ५ − १(क्ष − ३). मग −१ ने क्ष ला गुणा, −१ ने −३ ला गुणा, ५ − क्ष + ३, म्हणजे ८ − क्ष. आणि क्ष = १० घालून बघाच: ५ − ७ = −२, ८ − १० = −२. चिरंजीवांच्या उत्तराला −८ येतात. वहीत तो १ गिचमिड दिसला तरी चालेल, परीक्षेत त्याचे गुण कापत नाहीत.