नानांचं रात्रीचं उठणं

(फॅमिली ग्रुप, इंदूर)

बंडूकाका: घोरणाऱ्या पुरुषांना प्रोस्टेटचा, म्हणजे लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर होतो म्हणे. वरचा मेसेज सगळ्यांनी वाचा. नाना, तुम्ही आधी.

नाना: वाचला. मी घोरतो आणि रात्री चारदा लघवीला उठतो. म्हणजे दोन्ही जुळलं की.

वहिनी: नाना, असं लगेच मनाला लावून घेऊ नका. मनोज, तू लिही रे. आबांच्या वेळी तूच सगळं केलंस.

मनोज: नाना, नुसतं घोरणं वेगळं आणि झोपेत श्वास थांबणं वेगळं. दुसऱ्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकवून जागं करतो. तासाला ३० वेळा किंवा जास्त झालं तर गंभीर.

कॅन्सरचं म्हणाल, तर अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये दीड हजार लोकांवर २२ वर्षं लक्ष ठेवलं. २०१२ साली निष्कर्ष आला, की गंभीर ॲप्निया असलेल्यांत कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळजवळ पाचपट होतं. पण ते सगळे कॅन्सर मिळून. एकट्या प्रोस्टेटबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, शिवाय वाढतं वय आणि वजन दोन्ही आजारांमागे असू शकतं. त्यामुळे मेसेजमधलं वाक्य चूक आहे.

रात्री उठण्याबद्दल मात्र कळकळीने लिहितो. आबांनी दोन वर्षं प्रोस्टेटच्या गोळ्या घेतल्या, तरी उठणं थांबेना. मूळ ॲप्नियात होतं. बंद घशातून श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं अंगात पाणी फार झालं, म्हणून ते एक हार्मोन सोडतं आणि किडन्या लघवी वाढवतात. श्वासाचं मशीन लावल्यावर आबा रात्री एकदाच उठायचे. ती दोन वर्षं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रोस्टेट वाढली असेल तर बहुतेक थोडी थोडी होते, धार बारीक असते. तुम्हाला कशी होते?

नाना: दर वेळी भरपूर.

वहिनी: आणि सकाळी डोकं जड. परवा पोह्यांची बशी हातात असताना डुलकी लागली होती त्यांना.

मनोज: मग झोपेची तपासणी हवीच. आणि तुमच्या वयाला युरोलॉजिस्टला दाखवून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ततपासणीही करू. पीएसए नुसत्या सुजेनेही वाढतं, तेव्हा आकडा बघून घाबरायचं नाही. एक निघालं म्हणून दुसरं सोडायचं नाही, एवढंच. शनिवारी मी सुदामा नगरहून गाडी घेऊन येतो.

बंडूकाका: मी तो मेसेज मॉर्निंग वॉकवाल्यांनाही पाठवला होता. आता तुझं लिहिलेलं पाठवतो.

नाना: ही आत्ता सांगतेय, मी घोरता घोरता एकदम गप्प होतो आणि मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेतो. ती तो श्वास येईपर्यंत जागी असते. इतकी वर्षं बोलली नाही मला.

मनोज: काकू, आज रात्री तेच फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. डॉक्टरांना ऐकवू.