घटपर्णीचे तुकडे बाटलीत काळे पडतात, मदत हवी आहे

धानबांधी
टिश्यू कल्चर करतो, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवतो. तिसऱ्यांदा बाटल्या फेकल्या. पेऱ्याचा तुकडा माध्यमात (तुकड्याला अन्न देणाऱ्या मिश्रणात) ठेवला की चार दिवसांत काळा, आजूबाजूचं माध्यमही चहासारखं होतं. बुरशी नाही. झाड एकच आहे अन् ऊन आताच सहन होत नाही त्याला. काय चुकते ते लवकर सांगा.

सागवान
कोणती जात? माध्यम कोणतं, पाणी कुठलं, खोली किती तापते? काहीच सांगितलं नाही तं कसं सांगू भाऊ?

धानबांधी
घटपर्णीच, नर्सरीतली. एमएसची (मुराशिगे-स्कूग माध्यमाची) तयार पुडी, पुडीवर लिहिलं तसंच केलं. पाणी बोअरचं, उकळून गाळून.

पाणकळा
बोअरचं पाणी उकळून सगळे क्षार जात नाहीत, उरलेले पाणी आटून दाटच होतात. हे झाड नापीक मातीतलं, नत्रासाठीच तं किडे पचवते. डिस्टिल्ड पाणी घ्या, एमएस अर्धं किंवा पाव करा, पीएच ५.७ च्या आसपास.

सागवान
काळं पडण्याचं मूळ पाण्यात नाही, झाडातल्या फिनॉल नावाच्या रसायनांत आहे. कापलेल्या जागेतून ते झिरपतात, हवा लागली की काळे होतात. तुकडे व्हिटॅमिन सीच्या पाण्यात कापा, माध्यमात लिटरला १-२ ग्रॅम सक्रिय कोळसा टाका, आठवडाभर अंधारात ठेवा. केळीत मले यानंच जमलं.

पाणकळा
केळ वेगळी. कोळसा बीएपीसुद्धा (फुटवे आणणारं संप्रेरक) शोषून घेतो, मग फुटवे कुठून येतील? त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी तुकडा नव्या बाटलीत हलवा.

मोहफूल
एवढी खटपट काहून? मेघालयातून कोणाला सांगून जंगलातलं रोप आणा.

पाणकळा
तसं करू नका. भारतातली एकच घटपर्णी, नेपेन्थिस खासियाना, तिकडच्या गारो-खासी-जैंतिया डोंगरांतच उरली आहे. साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही. म्हणूनच बाटलीतली रोपं व्हायला पाहिजेत.

सागवान
खोलीचं सांगितलं नाही अजून.

धानबांधी
पत्र्याची आहे. दुपारी ४० च्या वर जाते, लाइटही जाते.

सागवान
मग अर्धं उत्तर तिथंच आहे. २५ अंशांच्या आसपास पाहिजे. मातीच्या घरात, जमिनीलगत ठेवा.

धानबांधी
दोनच कोंब उरले आहेत. एक बाटलीत, एक स्फॅग्नम मॉसमध्ये (ओल धरणाऱ्या शेवाळात) कलम म्हणून लावतो. तालुक्याला बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी मिळते, ते चालेल का?

पाणकळा
चालेल. सीलबंद कॅनच घ्या, सुटं नको. अन् आम्लाचा कॅन त्याच मांडणीवर असतो, लेबल वाचून घ्या.