खोल ओपनकास्ट खाणीत जीपीएस कितपत चालतं?

प्रश्न: ड्रिल आणि शॉवेलवर (माल उचलून डंपरमध्ये भरणारं मशीन) जीपीएस बसवायचं चाललंय, आत्तापर्यंत सगळं टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं सर्व्हेचं यंत्र) लावून आणि खुंट्या ठोकून व्हायचं. पण खाण खोल आहे, तळाशी सिग्नल मिळेल का?

सर्व्हेवाला: साधं जीपीएस असेल तर काही मीटरची चूक धरूनच चाला, डंपर कुठंय ते कळायला ठीक, ड्रिलिंगला बिनकामाचं. आरटीके घ्या, म्हणजे काठावर पक्क्या जागी बेस स्टेशन ठेवायचं, ते रेडिओवरून करेक्शन पाठवतं आणि मग काम २-३ सेंटीमीटरमध्ये येतं. उंचीतली चूक मात्र आडव्यापेक्षा जास्तच असते, बेंचची (खाणीतल्या पायरीची) लेव्हल धरताना हे लोक हमखास विसरतात.

जुना ड्रिलर: खरी अडचण भिंतींची. तळाशी अर्धं आकाश झाकलं जातं, शिवाय सिग्नल कड्यावर आपटून उशिरा येतो. नुसतं जीपीएस नको, ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदोऊ या जीपीएससारख्याच दुसऱ्या उपग्रह यंत्रणाही, सगळं पकडणारा रिसीव्हर बघा.

प्रश्न विचारणारा: मग सर्व्हेयरला सुट्टी? 😄

सर्व्हेवाला: छे हो! बेसचा पॉइंटच चुकला तर सगळी मशीनं एकदम चुकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खुंट्या कमी होतील, तपासणी वाढेल. आणि रेडिओ कव्हरेज आधी फिरून बघा, आमचा निम्मा वैताग त्याचाच होता.