खाट आहे, मूल कुठे ठेवायचं?

पंचायती आणि पालिकांनी महिला व्यसनमुक्ती केंद्रातल्या खाटांचा खर्च उचलावा, खाटा झाल्या की बायका आपणहून येतील, असं काहींचं म्हणणं आहे. पहिलं मान्य. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आणि महिला-बालविकास हे दोन्ही पंचायतीचे विषय आहेत, तेव्हा 'हे आमचं काम नव्हे' म्हणायला सरपंचांना जागा नाही. पण आपणहून येतील? आमच्या वाड्यावरच्या एका वहिनीला घेऊन मी गेले होते (केंद्राचं नाव नको). खाट रिकामी होती. मुलगा दोन वर्षांचा, त्याला घेऊन राहता येणार नाही म्हणाले. नवरा बोटीवर, सासू म्हणते आधी दारू सोड, मग घरात ये. कदंबात (गोव्याच्या सरकारी बसमध्ये) बसून दोघी परत आलो. पुरुष प्यायला की 'सवय', बाई प्यायली की गावभर चर्चा, ते वेगळंच.

नंतर कळलं, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २१: उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही, मुलाला धोका असेल तरच. दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्थाही याच कायद्यात येतात. म्हणून ग्रामसभेत नुसत्या खाटा मागू नका. पाळणा, दूध आणि मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार त्याच ठरावात लिहून घ्या. आणि तीन वर्षांवरच्या मुलांचं काय, हेही तिथेच विचारा.