मदत हवी आहे : क्रायसोपर्लाच्या (पिकावरच्या बारीक किडी खाणाऱ्या मित्रकीटकाच्या) अळ्या सोडू का, की थांबू?

नमस्कार मंडळी. वांगी आणि मिरचीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आहे, पांढरी माशीही थोडी दिसते. पंधरा दिवस एकही रासायनिक फवारणी केलेली नाही. काल भिंग घेऊन बसलो, तर पानामागे काही मावा फुगून तपकिरी, कडक झालेला दिसला आणि त्यातल्या काहींच्या पाठीला गोल भोक! म्हणजे मावा पोखरणारी बारीक गांधीलमाशी आपणहून आली आहे. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची (लेडीबर्ड) पिवळी, उभी अंडीही सापडली. इतका आनंद झाला की फवारणीचा पंप बाहेर काढवेना.

पण मिरचीचे शेंडे वाकडे व्हायला लागलेत, म्हणून क्रायसोपर्लाच्या अळ्या सोडायचा विचार आहे. या अळ्या भुकेल्या असल्या की एकमेकींनाच खातात, त्यामुळे एका जागी ओतायच्या नाहीत एवढं माहीत आहे. मग पानोपानी कशा पसरवता? भुश्यात मिसळून? संध्याकाळी की सकाळी?

दुसरी अडचण मुंग्यांची. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या झाडावर चढतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. ढालकिड्यांना धक्का न लावता मुंग्यांना खोडापाशीच कसं अडवता?

आणि निंबोळी अर्क मारलाच, तर अळ्या सोडण्याआधी किती दिवस थांबायचं? कडेला बडीशेप, कोथिंबीर फुलावर ठेवली आहे, मित्रकीटकांना मध-पराग मिळावा म्हणून. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, शेंडे रोज वळताहेत.